जेलमधली पुस्तकं, बागा आणि एक विसरलेला निकाल: थोडी पार्श्वभूमी

राजकारण तापलं की माणसं पुस्तकात, चित्रात, झाडापाखरांत जीव रमवतात हे काही नवीन नाही, पण ज्यांना त्या राजकारणानंच आत टाकलेलं असतं त्यांच्यासाठी हा विरंगुळा कुणाच्या तरी सहीवर अवलंबून असतो. अलीकडे कच्च्या कैद्यांना पुस्तकं मिळण्या-न मिळण्याच्या ज्या बातम्या येतात त्यांच्या मागे बराच जुना भांडणाचा धागा आहे, म्हणून हे टिपण.

मंडाले, धुळे, नाशिक इथल्या जेलांत काय लिहिलं गेलं ते आपण शाळेतच शिकलोय, ते परत सांगत बसत नाही. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, की मंडालेत १९१०-११ च्या थंडीत पेन्सिलीनं लिहिलेल्या गीतारहस्याच्या वह्या टिळक १९१४ ला सुटल्यावर लगेच हातात पडल्या नव्हत्या, त्या काही काळ सरकारकडेच होत्या. म्हणजे आत बसून लिहायला परवानगी पण लिहिलेलं बाहेर न्यायची वेळ आली की तपासणी. हा प्रकार पुढे पन्नास वर्षांनी जसाच्या तसा परत येतो.

त्याआधी नगरचा किल्ला. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसची जवळजवळ अख्खी कार्यकारिणी उचलून तिथे ठेवली होती आणि सुरुवातीला ती कुठे आहे हे लोकांना सांगितलंही नव्हतं. तिथे एका भावी पंतप्रधानांनी बाग केली, जमीन अगदी वाईट, दगडगोटे आणि जुन्या बांधकामाचा राडारोडा, तो उकरून उकरून वाफे केले, आणि १९४४ मध्ये तिथेच पाच-सहा महिन्यांत देशाच्या इतिहासावरचा जाडजूड ग्रंथही लिहिला. शेजारच्या खोलीतले तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष पहाटे उठून स्वतःचा चहा स्वतः करायचे, मित्राला न पाठवता येणारी पत्रं उर्दूत लिहायचे, आणि खोलीच्या छतात घरटी करणाऱ्या चिमण्यांशी आधी लढाई आणि मग दोस्ती, इतकी की चिमण्या तळहातावरचे दाणे टिपायला लागल्या. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्यांची पत्नी वारली तेव्हाही ते आतच होते, सुटकेसाठी सरकारकडे अर्ज करायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. चिमण्यांची ती पत्रं वाचताना हे माहीत असलं की वेगळीच वाटतात.

आता हे सगळं वाचायला छान आहे, पण मला कायम खटकतं की या गोष्टी आपण फक्त मनोधैर्याच्या म्हणून सांगतो. हे सगळे मोठे नेते होते, त्यांना वरच्या वर्गाच्या सवलती होत्या. साध्या कार्यकर्त्याचं काय हा प्रश्न खऱ्या अर्थानं कोर्टात गेला तो स्वातंत्र्यानंतर, आणि तोही मुंबईतून, आणि तोही एका मराठी पुस्तकावरून, हे फार कमी जणांना माहीत असतं.

झालं असं, की १९६२ ला चीन युद्धाच्या वेळी आणीबाणी लागली आणि भारत संरक्षण नियमांखाली डाव्या कार्यकर्त्यांची धरपकड झाली. मुंबईतले एक कार्यकर्ते नोव्हेंबर १९६२ मध्ये स्थानबद्ध झाले, म्हणजे खटल्याशिवायच आत. आता बाहेर युद्ध, पक्षात फूट, कधी सुटणार माहीत नाही, अशात या गृहस्थांनी आत बसून काय लिहावं तर अणूच्या आत काय असतं यावर मराठीत विज्ञानाचं पुस्तक! आणि चोरून नाही बरं का, सरकारची रीतसर परवानगी घेऊन. पुस्तक पूर्ण झाल्यावर त्यांनी हस्तलिखित छापायला बाहेर पाठवू द्या असा अर्ज केला आणि सरकारनं नाही म्हटलं. परत अर्ज, परत नकार. मग हायकोर्ट.

हायकोर्टानं अनुक्रमणिका पाहिली आणि म्हटलं की हे तर निव्वळ विज्ञानाचं पुस्तक दिसतंय, यानं देशाच्या संरक्षणाला काय धोका, द्या पाठवायला. इथेच विषय संपायला हवा होता. पण राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, आणि तिथे सरकारचा मुद्दा पुस्तकात काही वाईट आहे असा नव्हताच. मुद्दा असा होता की स्थानबद्धांच्या अटींचा जो १९५१ चा मुंबईचा आदेश आहे त्यात ज्या सवलती लिहिल्यात तेवढ्याच स्थानबद्ध माणसाला मिळतात, त्यात पुस्तक छापण्याचा उल्लेख नाही, म्हणून तो अधिकार नाही. विषय संपला!

सप्टेंबर १९६५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सरकारचा हा मुद्दा साफ फेटाळला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की ती यादी सवलतींची नाही, ती बंधनांची आहे, आणि जे बंधन लिहिलेलं नाही ते घालता येणार नाही. सरकारचा मुद्दा मान्य केला तर उद्या आदेशात जेवणाची अट नाही म्हणून स्थानबद्धाला उपाशीही मारता येईल, असंही कोर्टानं सुनावलं. दुसरं म्हणजे सरकार राष्ट्रपतींच्या १९६२ च्या आदेशाची ढाल पुढे करत होतं, की आणीबाणीत जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काच्या २१ व्या कलमासाठी कोर्टात जाताच येत नाही. त्यावर कोर्ट म्हणालं की तो आदेश सशर्त आहे, संरक्षण कायद्याखालीच हक्क काढून घेतला असेल तर दार बंद, पण इथे हस्तलिखित अडवणं कायद्यात कुठे बसतंच नाही, मग दार उघडं. माझ्या मते जेलमधल्या वाचना-लिहिण्याच्या इतिहासात या निकालाइतकं महत्त्वाचं काही नाही, नगरच्या बागेपेक्षाही नाही, आणि तो मराठीत तरी आपण जवळजवळ विसरलोय.

अर्थात निकालाची पळवाटही त्याच वाक्यात होती. 'सशर्त' म्हटल्यावर पुढच्या वेळी अट काढून टाकली की झालं. २७ जून १९७५ चा राष्ट्रपतींचा आदेश तसाच निघाला, बिनशर्त, आणि एप्रिल १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टानं ४ विरुद्ध १ अशा बहुमतानं सांगितलं की स्थानबद्धतेविरुद्ध कोर्टात जाताच येणार नाही. १९६२ आणि १९७५ च्या आदेशांतला हा फरकच त्या वेळी कळीचा ठरला. येरवडा, नाशिक रोड इथे मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आत असलेल्यांना पुस्तक, वही, मुलाकात हे सगळं पुन्हा मेहेरबानी या खात्यात गेलं. ज्या लेखिकेनं आपल्याला ऋतू आणि झाडंफुलं बघायला शिकवलं, त्यांनी १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून आणीबाणीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली आणि पुढच्या वर्षी त्याही आत गेल्या. निसर्गावर लिहिणारा माणूस राजकारणापासून पळतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एक उदाहरण डोक्यात ठेवावं.

आणीबाणीनंतर हवा पालटली. १९८१ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं जगण्याच्या हक्कात वाचणं, लिहिणं, वेगवेगळ्या प्रकारांनी व्यक्त होणं या सोयीही धरल्या, आणि तो निकालही स्थानबद्धतेतल्याच प्रकरणातला. कागदावर प्रश्न मिटला. प्रत्यक्षात कुठलं पुस्तक आत येणार हे टेबलावरचा अधिकारी ठरवत राहिला. नागपूर जेलात २००७ ते २०१२ काढलेल्या एका कार्यकर्त्यानं पुढे तुरुंगाच्या आठवणी लिहिल्या त्यात त्याची स्वतःची रेखाचित्रं आहेत, बराक, अंडा सेल (कडेकोट बंदोबस्ताच्या कोठड्या), झडती, ती बघाच, वर्णनापेक्षा लवकर कळतं.

२०१८ पासून पुण्याच्या एल्गार परिषद प्रकरणात अटका झाल्या आणि पुस्तकंच पुराव्यात आली. ऑगस्ट २०१९ मध्ये हायकोर्टात युद्ध आणि शांतता असं नाव असलेलं पुस्तक घरी का ठेवलं असा प्रश्न एका आरोपीला विचारला गेला आणि देशभर हसं झालं, दुसऱ्या दिवशी खुलासा आला की जप्तीच्या यादीतलं पुस्तक रशियन कादंबरी नाही, पश्चिम बंगालमधल्या जंगलमहाल भागावरचं वेगळं पुस्तक आहे. खुलासा बरोबर होता, पण मूळ प्रश्न तसाच राहिला, वेगळं पुस्तक असलं तरी घरात ठेवायला काय हरकत? त्याचं उत्तर यायला जुलै २०२३ उजाडलं, नुसतं साहित्य जवळ बाळगणं हा गुन्हा होत नाही असं सांगत सुप्रीम कोर्टानं त्या आरोपीला जामीन दिला, तोवर जवळपास पाच वर्षं आत गेली होती.

मधल्या काळात तळोजा जेलनं सत्तरीच्या आसपासच्या एका कैद्याला वुडहाउसचं विनोदी पुस्तक सुरक्षेला धोका म्हणून नाकारलं, २०२२ मध्ये हायकोर्टानं हे खरंच हास्यास्पद आहे असं सुनावणीत म्हटलं. (गंमत म्हणजे तो लेखक स्वतः १९४०-४१ मध्ये जर्मनांच्या छावणीत कैदी होता आणि तिथे त्यानं अख्खी कादंबरी लिहिली.) पण १९६५ चं तत्त्व लावलं तर प्रश्न पुस्तक विनोदी आहे की गंभीर हा नाहीच, ते अडवायचा नियम कुठला एवढंच जेलला विचारायचं असतं.