उपग्रह उडतो कोणाच्या पैशाने? : पार्श्वभूमी

जून २०२०मध्ये अवकाश क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले, असे सर्रास लिहिले जाते. कारखाने मात्र त्याआधीच आत होते. विक्रोळीत रॉकेटची ‘विकास’ ही द्रव इंधनाची इंजिने, तर वालचंदनगर आणि पवईत घन इंधनाच्या मोटरची आवरणे कित्येक वर्षे बनत होती. फरक होता जोखमीचा. ड्रॉइंग इस्रोचे, मॅरेजिंग पोलाद (अतिशय मजबूत मिश्र पोलाद) बहुधा इस्रोनेच ‘फ्री इश्यू’ म्हणून, म्हणजे मोफत, दिलेले, वेल्डच्या तपासणीला निरीक्षकही तिचाच. कारखान्याला मिळे ती घडणावळ. रॉकेट समुद्रात पडले तरी तोटा तिजोरीचा.

उपग्रहांचा हिशेबही तसाच. आधी अर्थसंकल्पात तरतूद, मग बांधणी, उपग्रह कक्षेत स्थिरावल्यावर त्यावरचे ट्रान्सपाँडर, म्हणजे संदेश झेलून पुन्हा जमिनीकडे पाठवणारी उपकरणे, भाड्याने. अंदाज चुकला तर ट्रान्सपाँडर रिकामे. मागणी वाढली तर डीटीएचवाल्यांना सरकारी कंपनीमार्फत परदेशी उपग्रहावर जागा घ्यावी लागे.

हा क्रमच २०२०च्या निर्णयाने उलटा केला: आधी ग्राहक, मग उपग्रह. खर्च अवकाश विभागाच्या २०१९मध्ये स्थापन झालेल्या व्यापारी कंपनीने उभा करायचा आणि भाड्यातून वसूल करायचा. पहिला प्रयोग जीसॅट-२४. वजन ४,१८० किलो, कू-बँडचे (डीटीएचला लागणाऱ्या लहरींचा पट्टा) २४ ट्रान्सपाँडर, आयुर्मान १५ वर्षे. सगळी क्षमता एका डीटीएच कंपनीने उड्डाणाआधीच घेतली आणि जून २०२२मध्ये फ्रेंच गयानातून तो उडाला. व्यवहार म्हणून चोख. पण सगळ्या क्षमतेला एकच मोठा ग्राहक मिळणे हा अपवाद आहे. बांधणीला काही वर्षे लागतात. एवढ्या आधी दीर्घ मुदतीच्या भाड्यावर सही करण्याची ऐपत मोजक्याच कंपन्यांत असते. शिक्षणासाठी २००४मध्ये सोडलेला एज्युसॅट या नियमाखाली उडालाच नसता, कारण शाळा काही आगाऊ भाडे भरत नाहीत. निर्णयाच्या समर्थकांनी या मुद्द्याला समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

दुसरा उपग्रह, जीसॅट-एन२, आणखी गुंतागुंतीचा. का-बँड (आणखी वरच्या वारंवारतेचा पट्टा), ३२ बीम, म्हणजे ठरावीक भूभागावर रोखलेले लहरींचे झोत. त्यांतले आठ अरुंद बीम ईशान्य भारतावर, उरलेले २४ रुंद बीम बाकीच्या देशावर. बहुतांश क्षमता आधीच एका भारतीय खासगी कंपनीला विकलेली. वजन मात्र ४,७०० किलो, आणि आपले सर्वांत ताकदवान रॉकेट तेव्हा भूस्थिर हस्तांतरण कक्षेत (उपग्रह अंतिम कक्षेत जाण्याआधीची लांबट कक्षा) जेमतेम ४,००० किलो नेई. म्हणून नोव्हेंबर २०२४मध्ये तो अमेरिकी खासगी रॉकेटवरून गेला. बांधणी सरकारी, ग्राहक खासगी, रॉकेट परक्याचे: याला सरकारी गुंतवणूक म्हणायचे की खासगी, ते ज्याने त्याने ठरवावे.

परकीय भांडवलाचे २०२४चे नियमही असेच तिरपे आहेत. उपग्रहाच्या सुट्या भागांना आपोआप मंजुरीने १०० टक्के, उपग्रह बांधणी व चालवण्याला ७४, प्रक्षेपक आणि प्रक्षेपण तळाला ४९. त्यापुढे सरकारी परवानगी. म्हणजे सर्वाधिक भांडवल गिळणाऱ्या आणि सर्वांत उशिरा कमाई देणाऱ्या धंद्याचा दरवाजा सर्वांत अरुंद. क्षेपणास्त्राशी साधर्म्य असल्याने सावधगिरी समजू शकते. पण छोट्या रॉकेटवाल्यांची भांडवल उभारताना दमछाक होते, त्यामागे ही मर्यादाही आहे. नोव्हेंबर २०२२चे पहिले खासगी रॉकेट उपकक्षीय, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या कक्षेत न पोचणारे, होते आणि तेही श्रीहरिकोट्याच्या सरकारी तळावरूनच उडाले.

ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्राने नवख्या अवकाश कंपन्यांसाठी १,००० कोटींचा साहस भांडवल निधी मंजूर केला. एका कंपनीला साधारण १० ते ६० कोटी. म्हणजे ‘खासगी’ भांडवलातही पुन्हा तिजोरीचाच वाटा.

भरपाईचा प्रश्न अजून लोंबकळतोय. १९७२च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार रॉकेट खासगी असले तरी परदेशात झालेल्या नुकसानीला देश जबाबदार. तो पैसा कंपनीकडून किती आणि कोणत्या मर्यादेपर्यंत वसूल करायचा, हे ठरवणारा कायदा नाही. अवकाश कायद्याचा २०१७चा मसुदा संसदेत मंजूर झालेलाच नाही.