काचपेटीतली चिमुकली ऑर्किडं: दमटपणा वेगळा, ओल वेगळी

माझी पहिली हराएला तीन आठवड्यांत गेली. तैवानमधलं हे ऑर्किड अख्खं तळहातावर मावतं. पिवळट फुलाच्या ओठावर गडद मरून डाग असतो, लांबून वाटावं माशीच येऊन बसली आहे. तिच्यासाठी मी काय नाही केलं? काचपेटी घट्ट बंद, दिवसातून तीनदा फवारा, तळाला हिरवंगार मॉस. हवेतला दमटपणा टक्क्यांत मोजणाऱ्या हायग्रोमीटरचा आकडा ९९ वरून ढळत नव्हता. एका सकाळी मधलं पान सहज चिमटीत धरलं, तर ते हातातच आलं. बुड तपकिरी, आरपार दिसणारं, बुळबुळीत. मिनिएचर ऑर्किडांना दमटपणा लागतो एवढं मला पाठ होतं, आणि त्या नावाखाली मी तिला ओल पाजत होतो.

घोळ बोलण्यातच आहे म्हणा. ‘कपडे अजून दमट आहेत’ म्हणतो तेव्हा कपड्यांत पाणी असतं, ‘हवा दमट आहे’ म्हणतो तेव्हा हवेत वाफ असते. वाफ दिसत नाही, हाताला लागत नाही, पानाच्या बेचक्यात साचत नाही. ओल म्हणजे द्रव पाणी: काचेवरचा ओघळ, मॉस पिळल्यावर निघतं ते, दोन पानांच्या मधोमध अडकलेला टपोरा थेंब. हवेत वाफ पुरेशी असली की पानांतून पाणी उडायचा वेग मंदावतो आणि झाड सुकत नाही. पण नुसत्या वाफेवर झाडाची तहान भागत नाही, त्यासाठी मुळांशी पाणीच यावं लागतं. तेव्हा दोन्ही हवंच. दमटपणा मुक्कामाला हवा, ओल मात्र पाहुण्यासारखी येऊन गेली पाहिजे.

जरा हिशेब मांडू. ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच अशा पेटीत साधारण १२१ लिटर हवा असते. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते. म्हणजे या अख्ख्या पेटीतल्या हवेत पाणी राहणार किती, तर पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, चहाचा अर्धा चमचा! त्यातही आर्द्रता आधीच ६० टक्के असेल, तर १०० गाठायला एक ग्रॅमहून थोडं जास्त पाणी पुरतं. फवाऱ्याचा खटका एकदा-दोनदा दाबला की तेवढं पाणी बाहेर पडतं. मी दर खेपेला वीस-पंचवीस वेळा दाबायचो. पहिल्या दोन दाबांनंतरचं सगळं पाणी हवेत मावणारच नव्हतं, ते पानांवर आणि बेचक्यांत जाऊन बसत होतं. आणि मी आकड्याकडे बघून खूश. हवा तुडुंब भरली की आकडा तिथेच थांबतो. त्यावर आणखी पेलाभर पाणी ओतलं तरी हायग्रोमीटरला त्याचा पत्ता नसतो.

ऑर्किडाला हे का सोसत नाही, ते मुळांकडे पाहिलं की कळतं. काचपेटीत लावली जाणारी बहुतेक चिमुकली ऑर्किडं मूळची झाडांच्या फांद्यांवर राहणारी. तिथे पाऊस झोडपतो, धुकं टपटपतं, पण वारा सुटला की साल काही तासांत कोरडी होते. मुळं या ये-जा करणाऱ्या पाण्यासाठीच घडली आहेत. त्यांच्यावर व्हेलामेन नावाचं मृत पेशींचं स्पंजासारखं वेष्टन असतं. कोरडेपणी त्या पेशींत हवा भरलेली असते, म्हणून मूळ चंदेरी-पांढरं दिसतं. पाण्याचा थेंब सोडून भिंगातून बघा: थेंब टेकल्या जागेपासून हिरवा रंग पसरत जातो, टीपकागदावर शाई पसरावी तसा. वेष्टन पाण्याने भरून आरपार झालेलं असतं आणि आतल्या पेशींचा हिरवेपणा वर आलेला असतो. हेच वेष्टन वाळताना मुळाला हवा मिळते. ते सतत भिजलेलं राहिलं तर मूळ गुदमरतं आणि पुढचं काम बुरशी नि जिवाणू उरकतात.

त्यामुळे माझा भरवसा आता मुळाच्या रंगावर जास्त आहे. सकाळच्या फवाऱ्याने हिरवी झालेली मुळं दुपारपर्यंत पुन्हा चंदेरी झाली तर सगळं ठीक. दिवे मालवायच्या वेळीही ती हिरवीच असतील तर पेटी ओली आहे, मग हायग्रोमीटर काहीही म्हणो.

गंमत अशी की दोन्ही दुखण्यांत पानं सारखीच दिसतात. हवा कोरडी पडली की पानं सुरकुततात. ओलीने मुळं कुजली तरीही सुरकुततात, कारण पाणी प्यायला मूळच उरलेलं नसतं. बघणारा म्हणतो, तहानलंय बिचारं, आणि आणखी पाणी घालतो. अशा वेळी पान बघत बसू नये, एखादं मूळ हलकेच दाबून बघावं. जिवंत मूळ टणक लागतं. मेलेलं पोकळ असतं, ओढलं तर वरचं साल मोज्यासारखं सुटून येतं आणि आत दोऱ्याएवढी तार उरते. कळ्या उमलायच्या आधीच वाळून गळताहेत, पानांची टोकं कुरकुरीत होताहेत, पण मुळं टणक आहेत, असं असेल तर हवा बहुधा कोरडी. पानावर पाण्याने भिजल्यासारखा डाग दिसतोय आणि तो रोज वाढतोय, तर मात्र ओल. तिथे वाट बघायची नाही. निर्जंतुक ब्लेडने डागाच्या बरंच अलीकडे कापायचं आणि झाड कोरड्या, खेळत्या हवेत काढायचं.

धुक्याच्या यंत्राबद्दल थोडं बोलायला हवं, कारण ते फार फसवतं. अल्ट्रासॉनिक फॉगरमधून पांढरा धूर वाहताना दिसला की आपल्याला वाटतं, वाफ. वाफ डोळ्यांना दिसतच नाही. दिसतो आहे तो सूक्ष्म थेंबांचा थवा, म्हणजे ओलच, पिंजून बारीक केलेली. हे थेंब हवेत विरले तर दमटपणा वाढतो, नाहीतर पानांवर बसून त्यांचा थर होतो. भरीला पाणी क्षारांचं असेल तर प्रत्येक थेंबासोबत क्षारही उडतात आणि पानांवर, काचेवर पांढरी भुकटी धरते. मी फॉगर काढून ठेवला. दिसायला सुंदर होता, हे कबूल.

मग दमटपणा ठेवून ओल घालवायची कशी? नुसता पंखा लावून भागत नाही. हवा १०० टक्के भरलेली असेल तर पंखा कितीही फिरवा, पान वाळणार नाही, कारण आणखी वाफ घ्यायला हवेत जागाच नाही. म्हणून पेटीला फट हवी. मी झाकणाची काच बोटभर सरकवून ठेवतो आणि कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा, ४० मिलिमीटरचा छोटा फॅन झाडांवर न रोखता समोरच्या काचेकडे तोंड करून बसवला आहे. आर्द्रता ७५ ते ८५ च्या दरम्यान रेंगाळते. ९९ च्या तुलनेत हा आकडा दरिद्री वाटतो, पण झाडं याच आकड्यावर खूश आहेत.

संध्याकाळचा फवारा तर बंदच केला. दिवे चालू असताना आत २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली, तर रात्री तापमान जेमतेम ४ अंशांनी उतरलं की तीच हवा दवबिंदूला पोचते. काही न शिंपडता पाणी जमू लागतं, आधी थंड काचेवर, मग पानांवर. दमटपणाची ओल होते ती अशी, आपण झोपलेले असताना. त्यात आपण झोपण्यापूर्वी फवारलेलं पाणी असेल तर ते सकाळपर्यंत बेचक्यात बसून राहतं.

हायग्रोमीटर मी टाकून दिलेला नाही, पण तो आधी तपासून घ्यावा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं, चिखलासारखं होईल इतपत पाणी घालायचं आणि हवाबंद पिशवीत हायग्रोमीटरशेजारी रात्रभर ठेवायचं. आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. काटा ८२ दाखवत असेल, तर तो सात जास्तच सांगतो हे लक्षात ठेवून वाचायचा. आणि तो ओल्या मॉसला टेकवून ठेवू नका. तिथे तो मॉसची कथा सांगतो, पेटीची नाही.

बंद पेटी म्हणजे झाडांचं नंदनवन ही समजूत कुठून आली, तेही पाहण्यासारखं आहे. १८२९ च्या सुमारास लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी पतंगाचा कोश ओल्या मातीत पुरून बाटलीत बंद केला होता. मातीतलं पाणी काचेवर जमायचं आणि परत मातीत उतरायचं. त्या बाटलीत एक फर्न आणि गवत उगवून आलं. पुढे अशाच काचेच्या पेट्यांतून जगभर झाडं जहाजांनी गेली. पण त्या बाटलीत उगवला तो फर्न, ओल्या मातीत रुजणारा. हवेत लोंबणाऱ्या मुळांची परीक्षा तिथे झालीच नव्हती.

अर्थात सगळ्या ऑर्किडांना एकाच मापाने मोजता येत नाही. लेपँथिस किंवा प्लॅटिस्टेलसारखी ढगांच्या जंगलातली बारकी मंडळी पाणी साठवायला फुगीर कंद बाळगत नाहीत. त्यांची मुळं केसांइतकी बारीक, तासाभरात पार सुकणारी. त्यांच्या मुळांशी थोडं मॉस हवंच, आणि बहुतेकांना हवा गारही लागते. हराएला, लेप्टोटिस यांना मॉस जवळजवळ नकोच, बुचाच्या सालीवर नायलॉनच्या दोऱ्याने बांधलं की झालं. आणि सोनेरी शिरांच्या पानांची मॅकोडिस पेटोला, जिला ज्वेल ऑर्किड म्हणतात, ती तर जमिनीवरची. टेरॅरियमसाठी ती या सगळ्यांच्या शेजारीच ठेवून विकतात आणि माणूस फसतो. तिची जागा तळाला, जिथे ओल टिकते. अर्थात भुसभुशीत मिश्रणात, डबक्यात नव्हे.

दुसरी हराएला मी वरच्या कोपऱ्यात, फटीजवळ टांगली आहे. तिचं एक मूळ सालीवरून उतरून काचेला चिकटलं आणि तसंच खाली वाढत गेलं. मला आता पेटी उघडावी लागत नाही. सकाळी दात घासत येतो, बाहेरूनच बघतो. हिरवं असेल तर फवारा जागेवरच राहतो.