पसंतीक्रम मतदान: मतफुटीच्या धास्तीतून आलेली पद्धत

26 ऑक्टोबर 1918 रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातील स्वान मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मजूर पक्षाचा 22 वर्षांचा एडविन कॉर्बॉय अवघ्या 34.4 टक्के मतांवर निवडून आला. शेतकरी संघटनेच्या उमेदवाराला 31.4 आणि सत्ताधारी नॅशनलिस्ट पक्षाच्या उमेदवाराला 29.6 टक्के मते होती. मजूर पक्ष नको असलेल्यांची मते साठ टक्क्यांच्या वर होती, पण ती दोघांत वाटली गेली. त्याआधी मे महिन्यात फ्लिंडर्सच्या पोटनिवडणुकीत पसंतीक्रम, म्हणजे मतदाराने उमेदवारांना 1, 2, 3 असे क्रमांक देण्याची पद्धत, आणण्याचे आश्वासन घेऊनच शेतकरी उमेदवाराने माघार घेतली होती. स्वानच्या निकालानंतर चालढकल करणे सरकारला परवडणारे नव्हते. नोव्हेंबरमध्ये कायदा झाला आणि 14 डिसेंबरला कोरंगमाईटच्या पोटनिवडणुकीत तो वापरला गेला. तिथे मजूर पक्षाचे जेम्स स्कलिन पहिल्या पसंतीच्या चाळीस टक्क्यांहून अधिक मतांसह पुढे होते, तरी दुसऱ्या क्रमांकावरचा शेतकरी उमेदवार विल्यम गिब्सन बाकीच्यांच्या पसंतीच्या मतांवर जिंकला. कायद्यामागचा हेतू पहिल्याच फटक्यात साधला.

राष्ट्रीय निवडणुकांतील पसंतीक्रमाचा इतिहास बव्हंशी असाच आहे. निवडणूक न्याय्य व्हावी म्हणून राबवलेली सुधारणा, असे तिचे वर्णन होते. प्रत्यक्षात सत्तेवरच्या दोन मित्रपक्षांना आपली मते फुटण्याची भीती वाटली की कायदा पटकन होतो. तशी भीती नसेल तर विधेयके वर्षानुवर्षे पडून राहतात.

कल्पना मात्र राजकारण्यांची नाही. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बोर्दा आणि कोंदोर्से यांनी क्रमवार मतांचे गणित मांडले. 1855 मध्ये डेन्मार्कमध्ये कार्ल आंद्रे यांनी मत हस्तांतरित करण्याची पद्धत संसदेच्या निवडणुकीत आणली. इंग्लंडमध्ये टॉमस हेअर यांनी 1857 पासून जवळपास तशीच पद्धत स्वतंत्रपणे मांडली आणि जॉन स्टुअर्ट मिल यांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला. या दोन्ही पद्धती अनेक जागा एकदम भरण्यासाठी होत्या. एकाच जागेसाठी, शेवटच्या उमेदवाराला बाद करत जाणारी पद्धत 1870 च्या सुमारास अमेरिकन वास्तुविशारद विल्यम वेअर यांनी सुचवली. आज दोन्ही प्रकारांना सरसकट ‘पसंतीक्रम’ म्हटले जाते. त्यांचे परिणाम मात्र अगदी वेगळे असतात आणि वादातला अर्धा गोंधळ इथूनच सुरू होतो.

एका जागेची मोजणी सोपी असते. पहिल्या पसंतीची मते मोजायची. निम्म्याहून अधिक कुणालाच नसतील तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीनुसार वाटायच्या आणि बहुमत होईपर्यंत हेच चालू ठेवायचे. पण यातून पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा मिळत नाहीत. 2022 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मजूर पक्षाने पहिल्या पसंतीच्या 32.6 टक्के मतांवर कनिष्ठ सभागृहात 77 जागांचे बहुमत मिळवले. ज्या पक्षाला अडवण्यासाठी पद्धत आणली, त्याच पक्षाच्या ती आता कामी येते आहे.

अनेक जागांच्या मोजणीत कोटा, म्हणजे निवडून येण्यासाठी लागणाऱ्या मतांचा आकडा, ठरवावा लागतो. हेन्री ड्रूप यांच्या सूत्रानुसार वैध मतांना जागांपेक्षा एकने मोठ्या संख्येने भागायचे, अपूर्णांक सोडायचा आणि एक मिळवायचा. 40,000 मते आणि 4 जागा असतील तर कोटा 8,001. एखाद्याला 9,601 मते पडली तर 1,600 मते अतिरिक्त ठरतात आणि ती पुढे जातात. आता 9,601 पैकी नेमक्या कोणत्या 1,600 मतपत्रिका उचलायच्या? आयर्लंडच्या कनिष्ठ सभागृहासाठी पहिल्या पसंतीच्या सगळ्या मतपत्रिका पुढच्या पसंतीनुसार गठ्ठ्यांत लावतात आणि प्रत्येक गठ्ठ्यातून प्रमाणात तेवढ्या काढतात. त्यामुळे दुसरी पसंती अचूक मोजली जाते, पण तिसरी-चौथी काहीशी योगायोगावर राहते. फार चुरशीच्या निकालात त्याचाही फरक पडू शकतो. दुसरा मार्ग ग्रेगरी पद्धतीचा. त्यात मतपत्रिका अपूर्णांकाच्या मोलाने पुढे जातात. वरच्या उदाहरणात प्रत्येकीचे मोल 1,600 भागिले 9,601, म्हणजे साधारण एक षष्ठांश. हा मार्ग अचूक असला तरी हाताने मोजताना वेळखाऊ आहे.

आयर्लंडमध्ये ही पद्धत ब्रिटिशांनी आणली ती अल्पसंख्य युनियनिस्टांना, म्हणजे ब्रिटनसोबतच राहू इच्छिणाऱ्यांना, जागा मिळाव्यात म्हणून. उत्तर आयर्लंडमध्ये युनियनिस्टच बहुसंख्य होते. तिथे 1929 मध्ये त्यांनीच आपल्या संसदेसाठी ती मोडीत काढली. दक्षिणेत मात्र ती राज्यघटनेत गेली, त्यामुळे बदलायची तर सार्वमत घेणे भाग होते. 17 जून 1959 रोजी मतदारांनी एमन डी व्हॅलेरा यांना राष्ट्राध्यक्षपदी बसवले आणि त्याच दिवशी पसंतीक्रम रद्द करण्याचा त्यांच्याच पक्षाचा प्रस्ताव 51.8 विरुद्ध 48.2 टक्क्यांनी फेटाळला. 1968 मध्ये दुसरा प्रयत्न झाला, तो याहून मोठ्या फरकाने पडला. साधा कायदा सत्ताधाऱ्यांना केव्हाही बदलता येतो, घटनेतली तरतूद बदलायला मतदारांकडे जावे लागते. पद्धत टिकण्याचे याहून मोठे कारण मला तरी दिसत नाही.

सत्ताधाऱ्यांचा हिशेब चुकल्याचे सर्वांत झणझणीत उदाहरण कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातले आहे. लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह यांच्या आघाडी सरकारने समाजवादी सीसीएफ पक्षाला रोखण्यासाठी पसंतीक्रम आणला. मतदारांच्या पुढच्या पसंती तिसरीकडेच वळल्या. 1952 मध्ये तोवर नगण्य असलेल्या सोशल क्रेडिट पक्षाला 19 आणि सीसीएफला 18 जागा मिळाल्या, तर कायदा करणारे दोन्ही पक्ष मिळून दहावर राहिले. 1953 ची निवडणूक झाल्यावर नव्या सरकारने पसंतीक्रम गुंडाळून ठेवला.

ब्रिटनच्या संसदेत 1918 मध्ये सुधारणा होता होता राहिली. कॉमन्स या कनिष्ठ सभागृहाला एका जागेचा पसंतीक्रम हवा होता, लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहाला अनेक जागांचा. विधेयक दोन सभागृहांत येरझाऱ्या घालत राहिले आणि अखेर दोन्ही तरतुदी गळाल्या. विद्यापीठांच्या मोजक्या जागांपुरता पसंतीक्रम उरला, तोही 1950 मध्ये त्या जागांबरोबर गेला. 5 मे 2011 च्या सार्वमतात एका जागेच्या पसंतीक्रमाला 67.9 टक्के मतदारांनी नकार दिला.

कायदा झाला तरी खरी परीक्षा मतपत्रिकेच्या नियमांत असते. पहिला प्रश्न: किती क्रमांक लिहिणे सक्तीचे? ऑस्ट्रेलियाच्या कनिष्ठ सभागृहासाठी सगळे लिहावे लागतात. क्रमांक दोनदा पडला किंवा मधला सुटला की मत अवैध ठरण्याचा धोका असतो. सक्तीचा दुसरा परिणाम असा की कंटाळलेला मतदार वरून खाली 1, 2, 3 लिहीत सुटतो. 1937 मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये मजूर पक्षाने सिनेट या वरिष्ठ सभागृहासाठी आमूर, आर्मस्ट्राँग, आर्थर आणि अ‍ॅशली असे चार उमेदवार दिले, कारण मतपत्रिकेवरचा क्रम आडनावांच्या आद्याक्षरावर ठरत असे. चौघेही निवडून आले. कनिष्ठ सभागृहासाठी नावांचा क्रम सोडतीने ठरवायला 1984 उजाडले.

त्याच वर्षी सिनेटसाठी सोय म्हणून मतपत्रिकेवरच्या रेषेच्या वर, जिथे उमेदवारांऐवजी पक्ष निवडायचा असतो, एकच खूण करण्याची मुभा आली. अशी खूण केली की पुढच्या पसंती पक्षाने आधी नोंदवलेल्या यादीप्रमाणे धरल्या जात. मग चिमुकल्या पक्षांनी एकमेकांत पसंतींची देवघेव सुरू केली. 2013 मध्ये व्हिक्टोरियातून रिकी म्यूर 0.51 टक्के पहिल्या पसंतीच्या मतांवर सिनेटर झाले. 2016 मध्ये ही यादी रद्द झाली. आता रेषेवर किमान 6 किंवा रेषेखाली किमान 12 क्रमांक लिहायला सांगितले जाते.

सक्ती काढली तर उलटा प्रश्न उभा राहतो. श्रीलंकेत 1978 च्या घटनेपासून राष्ट्राध्यक्षासाठी तीन पसंती देता येतात. पण आधीच्या प्रत्येक निवडणुकीत पहिल्याच मोजणीत कुणाला तरी निम्म्याहून अधिक मते मिळत गेल्याने त्या मोजायची वेळच आली नव्हती. सप्टेंबर 2024 मध्ये ती आली. अनुरा कुमार दिसानायके यांना 42.3 आणि सजिथ प्रेमदासा यांना 32.8 टक्के मते होती. बाकीच्यांची मिळून तेहतीस लाखांच्या आसपास मते असताना या दोघांकडे त्यांतून जेमतेम पावणेतीन लाख आली. बहुतेक मतदारांनी दुसरा क्रमांक लिहिलाच नव्हता किंवा या दोघांना दिला नव्हता, आणि दिसानायके एकूण वैध मतांच्या निम्म्याखालीच राहून जिंकले. भारतात 1969 च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत असे झाले नाही. 4,18,169 चा कोटा असताना व्ही. व्ही. गिरी पहिल्या पसंतीत 4,01,515 वर थांबले होते आणि पुढच्या पसंतींनी 4,20,077 वर पोचले. पण तिथे मतदार म्हणजे आमदार-खासदार. दुसऱ्या पसंतीचे मोल त्यांना कुणी समजावून सांगावे लागत नाही.

पापुआ न्यू गिनीने मधला मार्ग काढला. 1975 मध्ये स्वातंत्र्याबरोबर तिथे पसंतीक्रम गेला आणि एकेका जागेसाठी डझनावारी उमेदवार उभे राहू लागल्याने अनेकजण वीस टक्क्यांहूनही कमी मतांवर निवडून येऊ लागले. नव्या कायद्याने 2007 च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून नेमक्या तीन पसंती सक्तीच्या केल्या. मतदाराला हे झेपते आणि उमेदवारालाही आपल्या गटाबाहेर मते मागत फिरावे लागते.

बहुमताचा भरवसा अनेक जागांच्या प्रकारातही नसतो. माल्टात 1981 मध्ये नॅशनलिस्ट पक्षाला 50.9 टक्के मते पडूनही 65 पैकी 34 जागा मजूर पक्षाकडे गेल्या. 1987 मध्ये घटनादुरुस्ती करून निम्म्याहून अधिक मते मिळवणाऱ्या पक्षाला जादा जागा देण्याची तरतूद करावी लागली.

एका जागेच्या प्रकारातला मूळ दोष 2022 मध्ये अलास्कातील प्रतिनिधीगृहाच्या पोटनिवडणुकीत दिसला. मतपत्रिकांवरच्या क्रमांनुसार निक बेगिच यांनी मेरी पेल्टोला किंवा सारा पेलिन या दोघींपैकी कुणालाही समोरासमोर हरवले असते. पहिल्या पसंतीत ते तिसरे आले, म्हणून आधी तेच बाद झाले आणि पेल्टोला जिंकल्या. 2024 मध्ये अलास्कात पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव हजारापेक्षाही कमी मतांनी पडला आणि त्याच दिवशी कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा व ओरेगॉन या राज्यांनी ती स्वीकारायला नकार दिला.