ओढणीतला शेवटचा दिवा का मिणमिणतो?

दर मे महिन्यात मेट गाला या न्यूयॉर्कमधल्या फॅशन सोहळ्याची छायाचित्रं आली की अभिनेत्री क्लेअर डेन्सचा २०१६ चा चमकता गाऊन पुन्हा फिरायला लागतो. झॅक पोसेनचं डिझाइन, फायबर ऑप्टिकचं, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या बारीक तंतूंचं कापड आणि आत लपवलेले ३० छोटे बॅटरीसंच. एका संध्याकाळपुरता केलेला पोशाख, त्यामुळे तो धुवायचा कसा, हे विचारायचं कारणच नव्हतं. नवरात्रात गरब्यासाठी दिव्यांची ओढणी विकायला निघालेल्या स्टार्टअपसमोर मात्र हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो.

अशा स्टार्टअपच्या सादरीकरणात 'डिझाइन थिंकिंग'ची स्लाइड असतेच. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी.स्कूल या डिझाइन संस्थेमुळे रूढ झालेल्या या पद्धतीच्या पाच पायऱ्या अशा: वापरणाऱ्याला समजून घ्या, गरज नेमकी मांडा, कल्पना काढा, कच्चा नमुना करा, तो तपासा. पद्धत चांगली आहे, पण पुष्कळांची गाडी भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवण्यापुढे जात नाही. "अशी ओढणी आवडेल का?" असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. त्यापेक्षा मागच्या वर्षी घेतलेली ओढणी कपाटातून काढायला लावा आणि ती कुठे तुटली ते बघा. तार बहुधा सोल्डरच्या, म्हणजे जोडासाठी वितळवून लावलेल्या धातूच्या, कडेला तुटलेली सापडेल. वितळलेलं सोल्डर तारेच्या पेडांमध्ये झिरपतं, तेवढा तुकडा ताठ होतो आणि कापड हललं की सगळा वाक नेमका त्याच्या सीमेवर येतो. तिथे सिलिकॉनचा थेंब द्यावा आणि पुढे सेंटिमीटरभरावर तार कापडाला टाचून टाकावी.

मग गरज मांडायची: चार तास घामात नाचताना दिवे टिकावेत, बॅटरी टोचू नये, ओढणी धुता यावी. इथून पुढे चिठ्ठ्या बाजूला ठेवून ओहमचा नियम हाताशी घ्यावा: धारा गुणिले रोध म्हणजे वाटेत गेलेले व्होल्ट.

तारेऐवजी कापडात शिवता येणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या विद्युतवाहक धाग्याचा रोध मीटरला साधारण ३० ओहम धरू. दहा पांढरे एलईडी दर १० सेंटिमीटरवर, प्रत्येकाला ५ मिलिअँपियर, बॅटरी एका टोकाला. जाणारा आणि येणारा धागा मिळून एका टप्प्याचा रोध ६ ओहम. पहिल्या टप्प्यातून दहाही दिव्यांची मिळून ५० मिलिअँपियर धारा जाते, म्हणजे ०.३ व्होल्ट तिथेच गेले. पुढच्या टप्प्यात ४५, मग ४०, असं करत शेवटी ५. दहापासून एकपर्यंतची बेरीज ५५. तिला ५ मिलिअँपियर आणि ६ ओहमने गुणलं की १.६५ व्होल्ट येतात. बॅटरी ३.७ व्होल्टची, म्हणजे शेवटच्या दिव्याला उरले २.०५. पांढऱ्या एलईडीला तीनच्या आसपास लागतात. चाळीत खालच्यांनी नळ सोडले की वरच्या मजल्यावर धार बारीक होते, तसंच हे. प्रत्यक्षात मंद झालेले दिवे धाराही कमी ओढतात, म्हणून आकडा इतका वाईट येत नाही. टोक मिणमिणतं हे मात्र खरं.

आता बॅटरीची जोडणी मधोमध द्या. दोन्ही बाजूंना पाच-पाच दिवे, बेरीज ५५ ऐवजी १५, घट ०.४५ व्होल्ट! धागा तोच, दिवे तेच, फक्त जोडणीची जागा बदलली. उलट त्याच अंतरावर दहाचे वीस दिवे केले तर बेरीज २१० होते, म्हणजे घट जवळजवळ चौपट. बॅटरी कमरेलाच हवी असेल तर तिथून मध्यापर्यंत ३० गेजची सिलिकॉन वेष्टणाची तांब्याची तार न्यावी. तिचा रोध मीटरला जेमतेम ०.३४ ओहम. नमुना मात्र लाल दिव्यांवर करू नका. लाल एलईडी दोन व्होल्टच्या आसपास पेटतो, त्यामुळे ही चूक झाकली जाते आणि पांढरे दिवे लावलेला पहिला माल आल्यावरच उघडी पडते.

४०० मिलिअँपियर-तासांची लिथियम पॉलिमर बॅटरी या दहा दिव्यांना कागदावर आठ तास पुरते, सहा धरावेत. रंग बदलणारे प्रोग्रॅमेबल दिवे पूर्ण पांढऱ्यावर प्रत्येकी ६० मिलिअँपियरपर्यंत ओढतात. असे तीस लावले तर ५०० ची बॅटरी कागदावरही जेमतेम सतरा मिनिटं टिकते. त्यांची तेजस्विता २० टक्क्यांवर ठेवावी. डोळ्याची जाण सरळ रेषेत चालत नाही, त्याला तो उजेड निम्म्याच्या आसपास वाटतो.

"अंगाच्या उष्णतेवर चालणारा ड्रेस" अशा जाहिरातींकडे दुर्लक्ष करा. त्वचेवरच्या उष्णतेपासून चौरस सेंटिमीटरला फार तर काही दशक मायक्रोवॅट मिळतात, आणि मायक्रोवॅट म्हणजे मिलिवॅटचा हजारावा भाग. पाच मिलिअँपियरचा एक पांढरा एलईडी १५ मिलिवॅट खातो.

शिवणयंत्रात वाहक धागा बॉबिनमध्ये भरा. वरून सुईतून घातला तर घासून पिंजतो आणि सुटलेले तंतू शॉर्ट करतात. गाठींवर पारदर्शक नेलपॉलिश लावा. धन आणि ऋण शिलाई किमान सेंटिमीटरभर लांब ठेवा, कारण घामाच्या खारट पाण्यातून विद्युत अपघटन होतं आणि धन बाजूचा धातू झिजतो. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम मीठ घालून कापड त्यात भिजवा आणि दिवे चालू ठेवून तपासा. बॅटरीची डबी टिचबटणांनी काढता-लावता यावी. डबीवर धनाला नर आणि ऋणाला मादी बटण दिलं की ती उलटी बसतच नाही.

लिथियम बॅटरी घेताना तिचा यूएन ३८.३ (वाहतुकीतल्या सुरक्षेची चाचणी) अहवाल आणि आयएस १६०४६ या बॅटरी-सुरक्षेच्या भारतीय मानकाची बीआयएस नोंदणी पुरवठादाराकडे आधीच मागा. अहवालाशिवाय विमानाने पार्सल जात नाही, आणि हे नेमकं घटस्थापनेच्या आठवड्यात कळलं तर शिवून तयार ओढण्या गोदामातच राहतात.