रक्तवाहिनी जोडली, पण रक्त वाहत राहिले पाहिजे

कर्करोगामुळे जबड्याचे हाड काढावे लागले, तर त्याच्या जागी पायातले हाड बसवता येते. गुडघ्याखालच्या दोन हाडांपैकी बाहेरचे बारीक हाड, म्हणजे फिब्युला, शरीराचा भार फारसा पेलत नाही. म्हणून त्याची दोन्ही टोके राखून मधला तुकडा काढला, तरी रुग्ण पुढे चालू शकतो. हा तुकडा त्याला रक्त पुरवणारी रोहिणी व ते परत नेणारी नीला यांच्यासकट उचलतात, जबड्याच्या वळणानुसार कापून जुळवतात आणि त्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. त्यात रक्त खेळू लागले, की ते हाड जिवंत राहते, उरलेल्या जबड्याशी सांधते आणि पुढे त्यात कृत्रिम दातही रोवता येतात.

हे शक्य झाले ते सूक्ष्मदर्शकामुळे. ज्यूलियस जेकबसन आणि अर्नेस्टो सुआरेझ यांनी 1960 मध्ये त्याच्या साहाय्याने दोन मिलिमीटरहूनही बारीक रक्तवाहिन्या जोडून दाखवल्या, आणि 1965 मध्ये जपानमध्ये कोमात्सु व तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा पुन्हा जोडला.

बोटातली रोहिणी जेमतेम एक मिलिमीटर रुंद असते. तिच्यासाठी वापरला जाणारा दोरा 0.02 ते 0.03 मिलिमीटर जाडीचा, म्हणजे केसाहून बारीक असतो. टाके साधारण सहा ते आठच, पण एखादा टाका चुकून समोरच्या भिंतीतही अडकला, तर वाहिनीचा मार्गच बंद होतो. आतल्या अस्तराला चिमटा लागला, तरी तिथे रक्ताची गुठळी धरू शकते. म्हणून कुशल शल्यविशारद वाहिनी बाहेरच्या आवरणालाच धरून हाताळतो.

तरीही खरी कसोटी शस्त्रक्रियेनंतरच्या दोन-तीन दिवसांत लागते, आणि या काळात जागरूकपणे पहारा देणाऱ्या परिचारिकांचे श्रेय मला शल्यविशारदाइतकेच मोठे वाटते. जोडलेला भाग फिकट व थंड पडला, तर रक्त आत येत नाही. तो निळसर होऊन फुगला, तर आलेले रक्त बाहेर पडत नाही. हा दुसरा प्रकार अधिक आढळतो, कारण नीलेची भिंत पातळ असते, तिच्यातला प्रवाह संथ असतो आणि ती सहज दबते. ही खूण वेळेवर ओळखून रुग्णाला लगेच पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेले, तर बरेचदा तो भाग वाचतो. पुन्हा जोडलेल्या बोटात नीला जोडणे शक्यच नसेल, तर साचलेले रक्त काढण्यासाठी वैद्यकीय जळवा लावतात, आणि तेवढ्या दिवसांत शरीर स्वतःच नव्या बारीक नीला तयार करते.

चेतातंतूंना मात्र घाई करता येत नाही. जोडलेल्या जागेपासून ते दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढतात, त्यामुळे बोटाच्या टोकाला स्पर्श कळायला कित्येक महिने लागतात आणि तोवर ते बोट भाजण्या-कापण्यापासून डोळ्यांनी पाहूनच जपावे लागते.