मोटर रिवाइंडिंगला पाठवायच्या आधी एवढं बघा
(शॉवेल आणि ड्रॅगलाइन या खाणीतल्या खोदकामाच्या यंत्रांच्या मोठ्या डीसी मोटर वापरणाऱ्या ग्राहकांसाठी)

चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या ओपनकास्ट खाणींतून हॉइस्ट (बकेट उचलणारी) नाहीतर स्विंगची (यंत्र फिरवणारी) मोटर आमच्याकडे येते तेव्हा तक्रार ठरलेली, "स्पार्किंग होतंय, ताकद लागत नाही, रिवाइंड करून द्या". आमचं पोट रिवाइंडिंगवरच, म्हणजे मोटरच्या तारांची गुंडाळी नव्याने भरण्यावरच आहे, तरी सांगतो, आधी कम्युटेटर (फिरत्या भागावरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल), त्याच्यावर घासून करंट देणारे कार्बनचे ब्रश आणि थंड हवा देणारा ब्लोअर बघा, बहुतेक वेळा रोग तिथेच निघतो.

कम्युटेटरवर जो चॉकलेटी थर दिसतो तो मळ नाही हो. कॉपर ऑक्साइड, ग्राफाइट आणि हवेतला ओलावा मिळून तो बनतो, त्याच्यावरच ब्रश नीट सरकतो. नवा हेल्पर पॉलिश पेपर मारून तांबं चकचकीत करतो, साहेब खूश, आणि पुढे ब्रश भराभर झिजतात. रंग एकसारखा असेल तर हात लावू नका. ठराविक अंतरावरचे बार (तांब्याच्या पट्ट्या) काळे पडत असतील तर मात्र आर्मेचरचा (फिरत्या भागाचा) जॉइंट किंवा कॉइल गेलेली असू शकते, तेव्हा मोटर खरंच उतरवा.

एका मोटरमध्ये दोन ग्रेडचे (वेगवेगळ्या कार्बनचे) ब्रश घालू नका, स्टोअरला जे आहे ते बसवलं असं चालत नाही. स्प्रिंगचा दाब स्प्रिंग बॅलन्सने मोजा, एका जागी बसलेल्या मशीनला साधारण 180 ते 250 ग्रॅम प्रति चौरस सेंमी पुरतो पण शॉवेल हादरतो म्हणून तिथे जास्त लागतो, आणि आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे सगळ्या ब्रशवर तो सारखा पाहिजे. आणखी एक, लोकांना पटत नाही पण कमी लोडवर सतत चालणाऱ्या मोटरचे ब्रशसुद्धा लवकर खातात, करंट कमी पडला की थर टिकत नाही आणि तांब्यावर रेघा पडतात. अशा वेळी प्रत्येक आर्मवरचे (ब्रश धरणाऱ्या दांडीवरचे) सारखेच ब्रश कमी करता येतात, पण पीक लोडचा करंट आम्हाला दाखवल्याशिवाय करू नका. कव्हरला सिलिकॉन सीलंट तर अजिबात नको, त्याच्या वाफेने ब्रशची वाट लागते.

आता हवा. मोटरचं रेटिंग बहुधा 40 अंशाच्या हवेसाठी असतं, आपल्याकडे मे महिन्यात 46 सहज होतं, त्यात फिल्टर चोक. तापमान 10 अंश वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. शिवाय आपलं ओव्हरबर्डन (कोळशावरचा दगड-मातीचा थर) म्हणजे कामठी सँडस्टोन, ती वाळू आत गेली की कम्युटेटरला कानसच लागते. एअर मारून साफ करू नका, कार्बनची धूळ वाइंडिंगमध्ये अजून आत जाते, व्हॅक्यूमने ओढा.

पावसाळ्यात बंद मशीन चालू करायच्या आधी मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं मीटर) लावा, 1 मिनिटाचं आणि 10 मिनिटांचं रीडिंग लिहून ठेवा, दहाचं एकाच्या दुप्पट तरी हवं, नसेल तर आधी हीटर लावून सुकवा. ऑपरेटरलाही सांगा, बकेट अडकला की दाबून धरू नको, मोटर जागेवर थांबली की सगळा करंट त्याच दोन-चार बारवर जळतो.

मोटर पाठवताना ब्रशचा ग्रेड, लोड करंट आणि कम्युटेटरचा साफ करायच्या आधीचा फोटो सोबत द्या, पुसून पाठवलेल्या कम्युटेटरवरून आम्हाला काही कळत नाही.