रोहित्राच्या पोटातला पोचा

डीपीतल्या रोहित्राजवळून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळून, जाताना ऐकू येणारी घुमघुम आपल्या इतकी सवयीची आहे की ती बंद पडली तरच लक्ष जातं. वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते आणि प्रत्येक आवर्तनात गाभ्याचे पोलादी पत्रे दोनदा किंचित लांबतात-आखडतात, म्हणून हा सूर मुळात १०० हर्ट्झचा. रोहित्रात काहीच हलत नाही असं शाळेत सांगतात, ते फार मनावर घेऊ नये.

खरी हालचाल होते ती बाहेर कुठेतरी तारा एकमेकींना चिकटल्यावर. गाभ्याभोवती तांब्याच्या वेढ्यांच्या गुंडाळ्या असतात; त्यांच्यामधलं बल प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. मोठ्या रोहित्राचा इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा त्याचा स्वतःचा अडथळा, १२.५ टक्के असेल, तर दारातच झालेल्या शॉर्टसर्किटमध्ये प्रवाह आठपट होतो आणि बल चौसष्टपट. बाहेरची गुंडाळी फुगू पाहते, आतली गाभ्याकडे चेपली जाते. ब्रेकर पडतो, दुरुस्ती होते, वीज परत येते. रोहित्र पूर्वीसारखंच घुमतं. आत मात्र तांब्याला भांड्यासारखा पोचा पडलेला असू शकतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कागदी आवरण आकसून गुंडाळीची पकड सैल झाली असेल, तर पुढचा दणका ती सोसेलच असं नाही.

गंमत म्हणजे रोहित्रात भरलेल्या तेलाच्या तपासणीत हे सापडेलच असं नाही. आत ठिणग्या उडाल्या किंवा एखादा भाग फार तापला, तर तेलाचं विघटन होऊन हायड्रोजन, ॲसिटिलीन असे वायू त्यात विरघळतात. नुसतं वाकलेलं तांबं वायू सोडत नाही.

मग कुंभाराकडे मडकं टिचकी मारून घेतात, तसंच करायचं. १९७८ साली कॅनडातल्या ऑन्टारियो हायड्रोच्या डिक आणि अर्व्हन यांनी ही रीत मांडली. रोहित्र लाइनपासून सोडवायचं, गुंडाळीच्या एका टोकाला काही व्होल्टचा संकेत द्यायचा, त्याची वारंवारिता साधारण २० हर्ट्झपासून २० लाख हर्ट्झपर्यंत चढवत न्यायची आणि दुसऱ्या टोकाला त्यातलं किती पोचतं ते मोजायचं. तांब्याचे वेढे म्हणजे इंडक्टर. वेढ्यावेढ्यांत आणि वेढे व टाकी यांच्यात जणू कॅपॅसिटर. त्यामुळे आलेखात डोंगर-दऱ्या उमटतात. वेढा जागचा हलला की अंतरं बदलतात आणि दऱ्या सरकतात. या चाचणीला एसएफआरए (स्वीप फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स ॲनालिसिस) म्हणतात. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक संस्थेचं तिच्यासाठीचं मानक २०१२ मध्ये आलं.

पण एकटा आलेख मुका असतो. तो ताडून पाहायला रोहित्र धडधाकट असतानाचा आलेख हवा, तोही टॅप (वापरातले वेढे कमी-जास्त करायची जोडणी) त्याच जागी ठेवून घेतलेला. नवखा माणूस इथे हमखास फसतो. आधी डीसी प्रवाह सोडून गुंडाळीचा रोध मोजला असेल, तर गाभ्यात थोडं चुंबकत्व उरतं आणि आलेखाची सुरुवात सरकलेली दिसते. गुंडाळी ठणठणीत असते, घाम मात्र फुटतो. चाचणीच्या वायरचं अर्थिंग ढिलं असेल, तर हाच गोंधळ आलेखाच्या दुसऱ्या टोकाला.

आणि कारखान्यातली फाइलच सापडली नाही तर? असं होतंच. मग त्याच बनावटीचं जुळं रोहित्र शोधतात, नाहीतर तिन्ही फेज एकमेकींशी ताडतात. तेव्हाही एक भान ठेवावं लागतं: नेहमीच्या तीन दांड्यांच्या गाभ्यात कडेच्या दोन फेजच्या आलेखात सुरुवातीला जोडदरी असते आणि मधलीच्यात एकच. हा फरक जन्मजात असतो. त्यासाठी टाकी उघडायची नसते.